मेल्यावरही दिवा लावणारे अब्बा

मोहोळ तालुक्यातल्या तमाम माणसांना, जित्राबांना आणि भुतांना कळवण्यात येते, की आमच्या दर्ग्यात भूत आहे. बातमी गंभीर आहे. हसू नये.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाची जेवणं उरकली. दर्ग्याला लागूनच आमचं अंगण. तिथं सतरंजीवर पुरुष जमिनीचं ठरवायला बसले. मीही बसले.

"तू कशाला हितं? चहा बघ जा," अब्बांचे धाकटे भाऊ, चच्चा म्हणाले.

सगळे हसले. कुणीतरी रिकामा ट्रे हातात दिला. पन्नाशीची बाई मी. शेंबड्या पोरीसारखं उठवलं.

आमची जमीन जुन्या सरकारनं दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा, त्या बदल्यात पिकवून खायचं. मी दारातूनच माझा वाटा मागितला.

"शरियतमध्ये लेकीला वाटा हाय, पण मालकीच्या मालमत्तेत," चच्चा म्हणाले. "ही सरकारी इनाम. मालकी कुणाचीच न्हाय, मग वारसा कुठला? सेवा करेल तो पिकवेल. बाईची सेवा चालत न्हाय."

"मग हायवेकडचा तुकडा ढाबेवाल्याला कसा विकला?"

"ते वेगळं."

वेगळंच की. विकताना मालकीची, वाटताना इनामाची.

कोपऱ्यातून बिराप्पामामा बोलले. शेजारचे धनगर, दर गुरुवारी दर्ग्यात येणारे. "पर भाई गेलं तरी दिवा लागतुयाच की. म्या बघितलंय. आत कोन न्हाय."

चच्चांनी कानांना हात लावले. "भाईजानची रूह येते. ह्याला म्हणतात सेवा!"

अब्बांचे डोळे गेल्यापासून दिवा मी लावत होते. ते पायरीवर लोबान घेऊन बसायचे, मी मागच्या दारानं आत. "कुणाला सांगू नको, जमीन जाईल," म्हणायचे. ते गेले तरी मी मागूनच जात राहिले. पायरीवर त्यांचा खोकला अजून ऐकू येतो. काडी विझवली की वाटतं, आता विचारतील, "लगा क्या, बेटी?"

म्हणजे मेलेल्या बाप्याची सेवा चालते. जित्या बाईची नाही.

तिन्हीसांज झाली. मी ट्रे खाली ठेवला. तेलाची बाटली घेतली आणि सतरंजीच्या मधून, पुढच्या दारानं आत गेले. काडी ओढली. आता रोज पुढूनच. जमीन सेवेची असेल तर सेवा माझी. मालकीची असेल तर वाटा माझा. दोन्हीकडून हात हलवत परतायचं, ते संपलं.

वात पेटली. मग बिराप्पामामा ओरडले, "आयला! म्हंजी भूत हीच व्हय?"