चिनी गुरूचं बोलणं

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले त्या वर्षी धाकट्या दिरांनी मुंबईहून व्हीसीआर आणि कुंगफूच्या सिनेमांच्या कॅसेट आणल्या. सासरे आंब्याचे बागायतदार, माझ्याशी कामापुरतंच बोलणारे. पण सिनेमातला पांढऱ्या दाढीचा गुरू त्यांना फार आवडला. भाषा चिनी होती. कावडीने पाणी वाहून शिष्य रडकुंडीला आला, तेव्हा गुरू काहीतरी बोलला.

"काय म्हणाला गं तो?" सासऱ्यांनी मला विचारलं.

मला चिनी कुठून येणार? तरी मी म्हटलं, "आधी पाणी भर, मारामारी नंतर शिकवतो."

"बरोबर आहे." मग ते हळूच हसले. "तुलाही कळत नाहीय ना? असू दे, सांगत राहा."

दुसऱ्या दुपारी त्यांनी टीव्हीसमोर माझ्यासाठीही खुर्ची मांडली.