चादरीआडचे फादर

कपडे शिवणाऱ्या त्या बाईंना अख्खी गल्ली माघारी 'रेडिओ' म्हणायची. माप घेता घेता त्या बातम्या गोळा करायच्या आणि शिवलेला कपडा देता देता वाटून टाकायच्या. त्यामुळे फादरनी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्यांच्यावर सोपवला तेव्हा पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. पण गोष्ट सांगण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. आदाम आणि एवा बागेतून हाकलले गेले, हे त्या असं सांगायच्या की जणू शेजारच्या भाडेकरूंनीच काल खोली सोडली.

मुलांच्या पहिल्या पापनिवेदनाची, म्हणजे कन्फेशनची, तालीम आली. चर्चमागच्या खोलीत बाईंनी दोन कपाटांना चादर बांधली आणि त्या तिच्याआड स्टुलावर बसल्या.

"मी फादर. एकेकानं यायचं, गुडघे टेकायचे, पाप सांगायचं. आणि इथं ऐकलेलं फादर कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नसतात!"

एवढ्याएवढ्या पोरांकडे स्वतःची पापं असून असून किती असणार? दूध सांडलं, भावाला चिमटा काढला, संपलं. मग ती घरच्यांची सांगू लागली.

"बाबा कालचे पाव गरम करून आजचे म्हणून विकतात," बेकरीवाल्याची मुलगी कुजबुजली.

"आई प्रार्थनेत डोळे मिटते ना, तेव्हा झोपते," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला.

बाईंची जीभ नुसती वळवळत होती. तेवढ्यात त्यांच्या जाऊबाईंची धाकटी आली.

"काकू... नाही, फादर. आई म्हणते, काकूनं शिवलेला झगा म्हणजे उशीचा अभ्रा. आणि काकूसमोर 'वा, वा' करते. हे पाप आईचं की झग्याचं?"

चादरीआड स्टूल करकरलं.

"आईचं," फादर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तिला म्हणावं, रोज झोपताना प्रार्थना कर. गुडघे टेकून."

पोरीनं घरी जाऊन निरोप इमानेइतबारे दिला. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं आणि प्रत्येक आईबापानं 'तू काय सांगितलंस?' म्हणत आपापल्या पोराला कोपऱ्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई कापड घेऊन हजर. "तुमच्याच हातचा हवा हो! आणि... मुलं काही बोलली का?"

"कशाबद्दल?" तोंडात टाचण्या धरून बाईंनी विचारलं आणि कंबरेचं माप घेतलं.

बेकरीवाला स्वतः पाव घेऊन आला. "आजचाच आहे, हात लावून बघा!" डॉक्टरीणबाई रविवारी पहिल्या बाकावर डोळे वटारून बसल्या, पापणी लववतील तर शपथ. बाई सगळ्यांकडे बघून गोड हसायच्या. बस्स. सांगण्यापेक्षा न सांगण्यात जास्त चव आहे, हे त्यांना या वयात कळलं.

शेवटी फादरनीच त्यांना गाठलं. "बाई, तुमच्याबद्दल तक्रार आहे. लोक म्हणतात, तुम्ही हल्ली काहीच बोलत नाही."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फादर, इतकी वर्षं एवढी मजा एकटेच घेत होतात होय?"

फादरना जोराचा खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.