धोंडप्पांनी काढून ठेवलेल्या दोन वायरी

उदगीरला आमच्या चौकात धोंडप्पांचं सायकलचं दुकान चाळीस वर्षांपासून आहे. माणूस सचोटीचा. तार बदलली तर जुनी तार गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतील. पण कुणी सल्ला द्यायला लागलं, की ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत बसतात. त्यांना जे पटत नाही ते ऐकूच येत नाही.

माझी मुलगी दामिनी तंत्रनिकेतनात शिकते. कॉलेज घरापासून सात किलोमीटर, वाटेत एक मोठा उतार आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर. सायकलला मोटर बसवायचं तिच्या डोक्यात आलं आणि तिनं ऑनलाइन किट मागवलं. पुढे डिस्क ब्रेक हवा, हाही हट्ट. धोंडप्पा म्हणाले, पुढचं चाक धरणाऱ्या या चिमट्याला डिस्क बसायची जागाच नाही, ब्रेकचे रबर चांगले घालू. ते मला पटलं.

चार दिवसांनी सायकल घरी आली तर ब्रेकचे लिव्हर जुनेच. किटमध्ये नवे दोन होते, वायर जोडलेले. त्यांतला कुठलाही दाबला की मोटर बंद पडते. मी सायकल आणि किटची पेटी घेऊन तशीच दुकानात गेले.

त्यांचं म्हणणं असं, की आधी चार दुधवाल्यांच्या मोटरवाल्या सायकलींना त्यांनी हे लिव्हर बसवून दिले होते. आपल्याकडे बाजारातून जाताना प्रत्येकाची दोन बोटं ब्रेकवरच असतात. बोट जरा दबलं की मोटर बंद. रोज कुणी ना कुणी तक्रार घेऊन दारात. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या वायरी काढल्या.

"अक्का, मोटर चांगली अन् शिव्या मला. ब्रेक लागतो ना? मग झालं."

मी बीएस्सी झालेली बाई. मोटर पुढे ढकलते, रबर मागे ओढतं, उतारावर रबर किती टिकणार, हे सगळं सांगून झालं. ब्रेक मारताना ॲक्सिलेटर कोण पिळतं, असं म्हणून ते पान्याकडे वळले. मला इतका वैताग आला, की मी म्हटलं, "मामा, तुम्हीच चालवून दाखवा."

ते लगेच बसले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि ऐटीत परत येऊ लागले. तेवढ्यात एक शेळी आडवी आली. दचकून त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या. ॲक्सिलेटर उजव्या मुठीतच, तोही पिळला गेला. ब्रेक किंचाळला, मोटर काही थांबेना, आणि धोंडप्पा सरकीच्या पेंडीच्या पोत्यांवर जाऊन आदळले. शेळी केव्हाच पळाली होती.

कोपर सोललं होतं. मी पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात पिऊन टाकलं. मग फोन काढून पहिल्या दुधवाल्याला, भागवतला, लावला. "गाडी घेऊन ये. आजच. पैसे न्हाई लागत."

दामिनीच्या सायकलला त्यांनी दोन्ही लिव्हर माझ्यासमोर बसवले. मागचं चाक उचलून मोटर चालू केली आणि एकेक ब्रेक दहा-दहा वेळा दाबून दाखवला.

मला वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी दामिनी घामाघूम होऊन घरी आली. बाजारात सहा वेळा मोटर बंद पडली म्हणे, मैत्रिणी हसल्या. अर्थात बोटं ब्रेकवर. ती वायर काढून घ्यायला गेली, तर धोंडप्पांनी साफ नकार दिला.

"वायर न्हाई निघणार. बोटं काढ."

आता तोच हट्ट, फक्त उलट्या बाजूनं. भरल्या दुकानात त्यांनी तिला अर्धा तास मुठीवर बोटं मिटून धरायला लावली. ती माझ्यावर चिडली, कारण त्यांच्याकडे मीच पाठवलं होतं.

चारही दुधवाल्यांच्या वायरी त्यांनी परत जोडल्या होत्या; तेही येऊन भांडून गेले. दोघे दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले, त्यानं दहा मिनिटांत वायरी काढून दिल्या. धोंडप्पा त्या दोघांच्या सायकलीत आता हवासुद्धा भरत नाहीत.

काल सकाळी दामिनी निघाली, तेव्हा बोटं नीट मिटलेली होती. मी फाटकात उभी होते म्हणून. वळणापलीकडे ती काय करते, देव जाणे. आणि दुसऱ्या मिस्त्रीचं दुकान तिच्या कॉलेजच्या वाटेवरच आहे. म्हणून रोज संध्याकाळी ती हातपाय धुवायला गेली, की मी मागचं चाक उचलून मोटर चालू करते आणि दोन्ही ब्रेक दाबून बघते.