आबांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ

"सून काय करत न्हाय, घरीच असती," ओसरीवर बसलेले आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले. हळदीचं गाणं कुठंही वाजलं की मला सांगवीतली ती दुपार आठवते, कारण तेव्हा आतल्या खोलीतून तसंच एक गाणं सारखं थांबत, पुन्हा सुरू होत होतं. बारामती-इंदापूर भागात कलेच्या कामांवर किती घरं चालतात, याच्या अभ्यासासाठी मी घरोघरी प्रत्येकाचं काम लिहून घेत होते आणि ही सून लग्नांचे व्हिडिओ जोडून विकते, हे मला गावातच कळलं होतं. अर्धवट उघड्या दारातून कॉम्प्युटरसमोरची तिची पाठ आणि साय धरलेला चहा दिसत होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बोलण्याआधी मराठी वाक्य मनात जुळवून बघणारी, म्हणून गप्प राहिले. आबांनी मात्र हौसेनं फोन काढून स्वतःच्या वाढदिवसाचा व्हिडिओ दाखवला. गुलाल उधळलेला, ट्रॅक्टरवरून आबा सावकाश उतरताहेत. "पार भिगवणपातुर फिरला ह्यो!" "कुणी केला?" "सुनेनंच की. येता-जाता करती." आतलं गाणं थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली. "समद्यांच्या नावापुढं शेती लिवा, झालं," आबा म्हणाले. अजूनही मी चारचौघांत फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले, "आबा, तुमचं काम तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. आता त्यांचं काम त्या सांगतील."