एकाच तारखेची पुण्यतिथी

माझी आई ज्या तारखेला गेली, त्याच तारखेला एका थोर नेत्याची पुण्यतिथी असते. दरवर्षी चौकातल्या पुतळ्याला हार चढतात, भाषणं होतात. आईची आठवण काढणारी मी एकटीच. मला त्या पुतळ्याचा हेवा वाटतो.

यंदा फुलवाली म्हणाली, "सगळा झेंडू चौकातल्या हारात गेला, ताई."

"आज माझ्या आईचीही पुण्यतिथी आहे," मी चिडून म्हणाले.

तो हार ओवणारे तिचे हात थांबले. "बाईंची? माझा हात धरून सही शिकवली त्यांनी मला, इथंच बसून."

तिने पुतळ्याच्या हारातली वीतभर माळ तोडून मला दिली.

आईने हे कधी सांगितलंच नव्हतं. घरी येईपर्यंत मी पुतळ्याला विसरले होते. आता हेवा वाटत होता तो फुलवालीचा.