आबांची पाठ

महाराजांच्या राज्यात, मी सात-आठ वर्षांची असताना, कोल्हापूरच्या माळावर जुन्या लढाईचा खेळ व्हायचा होता. घोडी खरी, तलवारी खऱ्या, मरण तेवढं खोटं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या पागेत घोडेस्वार. त्यांच्या वाट्याला शत्रूचा शिपाई होऊन मरणं आलं.

हुकूम असा, की मेलेल्यानं उताणं पडायचं. तिथंच सगळं अडलं. आबा तालमीतले पैलवान. कुस्तीत पाठ मातीला लागली की हार, आणि आबांची पाठ अजून कुणी लावली नव्हती. ते आईला म्हणाले, "मरतो की. पण पाठ लावणार न्हाय." ही काय कुस्ती न्हवं, हुकूम मोडला तर नोकरी जाईल, असं आईनं परोपरीनं सांगितलं. पण ऐकतील ते आबा कसले.

मी मुलखाची चौकस. मला कोडं निराळंच. खोटं मेलेला माणूस श्वास घेतो का? घेतला तर पोट हलणार, मग लोकांना कळत नसेल होय? आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, बैलगाडीत निघालो तरी माझं चालूच, शेवटी आई करवादली.

माळावर ही गर्दी! शिंग वाजलं, धूळ उठली, आणि आबा घोड्यावरून खाली आले. पडले ते पालथेच. आईनं कपाळाला हात लावला. एक अंमलदार लांबून उताणं व्हायची खूण करत होता, पण आबा ढिम्म. मी पोट बघायला आलेली आणि दिसत होती नुसती पाठ! मला काही राहवेना. आईचा हात सोडवून दोरीखालून घुसले, आबांजवळ बसले आणि नाकापाशी बोट धरलं. श्वास चांगला गरम होता. मला कोण आनंद झाला.

तेवढ्यात घोड्यांची दुसरी तुकडी वळली ती थेट आमच्यावरच. आबांनी मला कवेत घेतलं आणि गडगडत बाजूला गेले. घोडी पुढं गेली तेव्हा आबा उताणे पडले होते आणि मी त्यांच्या छातीवर. सगळं कोल्हापूर बघत होतं.

"पाठ लागली की गं," ते हळूच म्हणाले.

मला रडूच फुटलं.

"रडतीस कशाला? जिकलीस की तू."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पण हसू काही आवरेना त्यांना, आणि माझ्याखाली मेलेल्या माणसाचं पोट गदगदा हलत राहिलं.