रतनकाकू म्हणाल्या, गाडी काढ

बेलापुरात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. शेजारीच रतनकाकूंचं घर आणि घरामागे गोठा. लहानपणापासून मी काकूंना पाहत आलोय. त्यांचं माहेर राहुरीकडचं, मुळा धरणाजवळचं. अठराव्या वर्षी गहिनीनाथ कडूंशी लग्न होऊन त्या इथे आल्या आणि आल्या तशा गोठ्यात शिरल्या. गहिनीकाका शांत, मनातलं मनात ठेवणारे. काकूंचं उलट. त्यांचा निर्णय व्हायला वेळ लागत नाही आणि एकदा झाला की त्यावर पुन्हा चर्चा नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा रविराज इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला. तिथे संगमनेरची मधुवंती त्याला भेटली. तिच्या घरी तीन पिढ्या मास्तरकी. जात वेगळी, रीत वेगळी. रविराजनं फोनवर सांगितलं तेव्हा गहिनीकाका दोन महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत. काकूंनी मात्र त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "कर. संसार तुला करायचाय."

लग्न झालं, सृष्टी झाली. पण सासू-सुनेचं सूत काही जुळलं नव्हतं. भांडण कधीच नव्हतं. मधुवंती फार जपून बोलायची आणि काकूही तिच्यापुढे जरा सावरूनच बसायच्या. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायच्या. फोन व्हायचे ते रविराजच्याच फोनवरून.

गेल्या उन्हाळ्यात रविराजनं काका-काकूंना तिकडे बोलावलं. सुट्टीत भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल फिरायचं ठरलं होतं. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक. काकूंची एकच अडचण होती: गायी. धारा काढायला गल्लीतला आसाराम तयार झाला, खाद्याचं मी बघतो म्हणालो, तेव्हा कुठे काकूंनी बॅग भरली.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. काकू व्हिडिओ कॉल करून मला गाडी दाखवायच्या. दोन शेगड्या, हातभर लांबीचं बेसिन, ड्रायव्हरच्या डोक्यावर सृष्टीचा पलंग. त्यांनी तव्यावर मिरच्या भाजल्या की छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायचा आणि सृष्टी खो-खो हसायची. काकांना समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं. गाडी कुठेही थांबली की ते टोपी घालून आसपासची शेतं बघायला निघायचे. ऑलिव्हची झाडं, द्राक्षाचे मळे, डोंगरउतारावर दगड रचून केलेल्या ताली. परत आले की तिथल्या मातीचं वर्णन काकूंना ऐकावं लागायचं.

ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर उकाडा असह्य झाला म्हणून रविराजनं पोर्तुगालच्या आतल्या डोंगराळ भागात गाडी नेली. नदीकाठी पाइनच्या झाडांत गाड्या उभ्या करायची जागा होती. दहा-बारा गाड्या, पोहणारी पोरं, आणि समोरच्या उतारावर चार-पाच घरांची एक वाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मळकट दिसत होतं. जळका वासही येत होता. रविराजनं जागेच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, वणवा आहे, पण डोंगराच्या पल्याड आहे, लांब. दरवर्षीचंच आहे. तरी मधुवंतीचं मन लागेना. ती म्हणाली, "रवी, आज पुढे निघायचं का आपण?" रविराज म्हणाला, "सृष्टीला पोहायचंय. संध्याकाळी निघू."

दुपारी जेवण झाल्यावर गहिनीकाका उठले. "त्या वरच्या वाडीत शेरडं हायेत. बघून येतो जरा."

"फोन घ्या," काकू म्हणाल्या.

"चार्जिंगला हाय. आत्ता येतो, न्हाई लांब."

काका गेले आणि थोड्या वेळानं वारा फिरला.

काकू सांगतात की आधी आवाज बदलला. झाडं एकदम सळसळायला लागली, सगळी एकाच दिशेला. मग रविराज आणि मधुवंती दोघांचेही मोबाईल एकाच वेळी किंचाळल्यासारखे वाजले. सरकारी इशारा होता. डोंगराच्या माथ्यावरून धूर उतरत होता, पिठाची गोणी ओतावी तसा. बघता बघता उन्हाचा रंग तांबडा झाला. पोलिसांची जीप भोंग्यावरून ओरडत आली आणि लोकांनी दोरीवरचे कपडे, खुर्च्या, होतं तिथे टाकून गाड्या सुरू केल्या. बाहेर पडायला रस्ता एकच, नदीच्या कडेकडेनं.

रविराज "आप्पा! आप्पा!" ओरडत वाडीच्या पायवाटेनं धावला. थोडा वर गेला आणि धुरानं खोकत परत फिरला. परत जायला लागला तेव्हा पोलिसानं त्याचा दंड धरला. रविराजनं इंग्रजीत सांगितलं, माझे वडील वर आहेत. पोलिसानं वायरलेसवर कुणाशी तरी बोलून घेतलं आणि तुटक इंग्रजीत, हातवारे करत सांगितलं: वरची माणसं दुसऱ्या बाजूनं काढतायत, तुम्ही निघा, आत्ता.

"दुसऱ्या बाजूनं काढलं का त्यांना? कुणी पाहिलंय का?" रविराज विचारत होता. पोलिसाला ते सांगता येईना. तो पुढच्या गाडीकडे पळाला.

"मी वर जातो," रविराज म्हणाला. "तुम्ही गाडीत बसून ऱ्हावा."

पण एवढी मोठी गाडी फक्त तोच चालवत होता. मधुवंतीनं ती कधी हातात घेतली नव्हती, आणि रस्ता अरुंद, एका बाजूला नदी. तो वर गेला असता तर बाकीचे तिघं तिथेच अडकले असते. हे त्याला कळत होतं, तरी पाय निघत नव्हता.

मधुवंती सृष्टीला कडेवर घेऊन गाडीच्या दारात उभी होती. पोरीचं तोंड तिनं ओल्या टॉवेलनं झाकलं होतं. तिचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता.

हे सांगताना काकू नेहमी इथे थांबतात. मग म्हणतात, "सुनील, तिच्या तोंडाकडं पाहिलं आन् मला समदं कळलं. निघू या, असं म्हणायचं हुतं तिला. लेकरू हुतं ना कडेवर. पर सून हाय ती. सासऱ्याला सोडून चला, असं सुनंनं कसं म्हणावं? म्हणली असती आन् काय वाईट झालं असतं, तर जल्मभर तिच्या डोक्यावर ऱ्हायलं असतं ते. आन् रवी तर म्हणूच शकत नव्हता. मग उरलं कोण?"

काकू रविराजसमोर गेल्या. "रवी, गाडी काढ."

"आई, आप्पा वर हायेत!"

"ठावं हाय मला. गाडी काढ."

"त्यांना सोडून?"

"त्यांना पाय हायेत, डोळं हायेत. ह्या लेकराचं काय? काढ म्हणते ना!"

रविराज तसाच उभा राहिला. काकूंनी त्याच्या छातीवर दोन्ही हात लावून त्याला गाडीकडे ढकललं. आयुष्यात कधी पोरावर हात उचलला नव्हता, त्या दिवशी ढकलावं लागलं. सगळ्यात शेवटी निघालेली गाडी त्यांचीच.

भर दुपारी दिवे लावून गाडी चालली होती. पुढची गाडी दिसत नव्हती, तिचे लाल दिवे तेवढे दिसत. एका वळणावर उजव्या हाताची झाडं खालपासून शेंड्यापर्यंत पेटलेली होती आणि काचेला हात लावला तर भाजत होतं. ठिणग्या टपावर पडल्याचा आवाज यायचा. रविराज रडत होता आणि चालवत होता. मधुवंती त्याला "डावीकडे, जरा डावीकडे" एवढंच म्हणत होती. टॉवेलखालून सृष्टीनं विचारलं, "आजोबा कुठंयत?"

"मागनं येतायत," काकू म्हणाल्या.

"कशातून?"

काकूंनी पोरीचा पाय हातात धरून ठेवला.

नदीवरच्या पुलापलीकडच्या गावात शाळेच्या मैदानावर सगळ्यांना थांबवलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती, डोंगरावरचा टॉवर जळाला असं लोक म्हणत होते. रविराज उतरला आणि भेटेल त्या पोलिसाला, भेटेल त्या अग्निशमनवाल्याला काकांचा फोटो दाखवत फिरला. परत आला तेव्हा काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं घेतली नाही. म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून आलो मी." आणि पुन्हा निघून गेला.

काकू गाडीच्या पायरीवर बसल्या. समोर डोंगर जळत होता आणि काकू तिकडेच बघत होत्या. रडल्या नाहीत. मधुवंती सांगते, त्या सारखा पदर पिळत होत्या, जसा काही तो ओला होता.

इकडे बेलापुरात आम्ही जेवणं उरकून अंगणात बसलो होतो. मला अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला. उचलला तर काका.

"सुनील, मी गहिनीनाथ. ऐक. रवीचा फोन लागत न्हाई, माझाबी लागत न्हाई. मी धड हाय. दुसऱ्याच गावात आणून सोडलंय आमाला. ते सोडून तुझा नंबर तेवढा पाठ हुता. त्यांना सांग. ती समदी सुटली का ते बघ."

मला काही कळेना. कुठून सुटली, काय झालं? काका म्हणाले, "वणवा. तू आधी फोन लाव." त्यांनी गावाचं नाव तिथल्या एका बाईला सांगायला लावलं. मी ते देवनागरीत कसंबसं लिहून घेतलं.

मग मी फोन लावत बसलो. रविराजचा नाही, काकांचा नाही, काकूंचा नाही. माझी बायको पूजा देवासमोर जाऊन बसली. काका जिवंत आहेत हे आठ हजार किलोमीटरवर मला माहीत होतं आणि जिला कळायला हवं तिला माहीत नव्हतं. शिवाय ती सगळी तरी वाचली का, हे मलाही माहीत नव्हतं. मधुवंतीचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधी गरजच पडली नव्हती. संगमनेरला तिच्या वडिलांना, शामकांत सरांना उठवून मी तो मिळवला. तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं. बऱ्याच वेळानं, केव्हातरी, ते वाजलं.

"मधुवंती, मी बेलापूरहून सुनील. काका ठीक आहेत. माझ्याशी बोलले."

ती म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

ती आधी नवऱ्याकडे गेली नाही. गाडीच्या पायरीपाशी आली, काकूंसमोर मातीत बसली आणि म्हणाली, "आई, आप्पा आहेत. सुनीलशी बोललेत." काकूंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानंतर त्या अशा रडल्या की म्हणे आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं उतरून बघायला आली.

रस्ते बंद होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लांबचा वळसा घालून ते त्या गावी पोहोचले. एका मोठ्या सभागृहात खाटा टाकल्या होत्या. काका एका म्हाताऱ्या शेळीवाल्याशेजारी बसून पाव खात होते. टोपी नव्हती, भुवया करपलेल्या, अंगाला शेरडांचा वास. सृष्टी पळत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. रविराजनं वडिलांना मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

काकू लांब उभ्या होत्या. मग जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मी काढायला लावली गाडी. रवीची चूक न्हाई. सुनंचीबी न्हाई."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग? मी वरनं बघत हुतो की."

"काय?"

"ह्या बाबानं माझी बाही धरून वढत नेलं. वळणावर आलो तर खाली समदं दिसत हुतं. एकेक गाडी गेली. आपलीच तेवढी उभी. मी वरडतोय, निघा की रं, निघा! टोपी काढून हालवली, ती बी उडून गेली. तुमी निघना आन् माझा जीव वर-खाली. गाडी हालली तवा मी खाली बसलो बघ. मग ह्यानं मला शेरडांसंगं टेम्पोत घातलं."

काकूंनी त्यांच्या हातातला पाव घेऊन अर्धा खाल्ला. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं.

सहल तिथेच संपली. जर्मनीपर्यंतच्या सगळ्या वाटेत रविराज आईशी कामापुरतं बोलला. वडील सापडले होते, निघा म्हणून ओरडत होतो असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, तरी त्याच्या मनातून ते ढकलणं जात नव्हतं. काकू बेलापूरला परतल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात दिसल्या. गोष्ट गावभर झाली. एका लग्नात पंगतीत कुणीतरी खोचकपणे विचारलंच, "काय वं रतनबाई, मालकाला आगीत सोडून आलात म्हनं?" काकू म्हणाल्या, "व्हय, आले," आणि वरण वाढणाऱ्याला हाक मारली.

मधुवंती आता आठवड्यातून दोनदा तरी थेट काकूंच्या फोनवर फोन करते. काय बोलतात कोण जाणे, पण काकू दुभत्या गायीला थांबायला लावतात.

दिवाळीला सगळी आली. रविराज वडिलांबरोबर शेतात जायचा, जेवायलाही बाहेर त्यांच्याबरोबरच बसायचा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो गोठ्यात आला. काकू धार काढत होत्या.

"आई, आप्पा सापडले नसते तर?"

काकूंनी धार थांबवली नाही. "तर तू जल्मभर माझ्यावर राग धरला असतास. तुझ्या बायकोवर न्हाई, स्वतःवरबी न्हाई. एवढं कळत हुतं मला तवा. दुसरं काय कळत नव्हतं."

"तुला भीती न्हाई वाटली?"

"अजूनबी वाटती."

त्या संध्याकाळी मात्र तो आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि चुलीपाशी आईशेजारी जेवायला बसला.